जे. बी. एस. हॉल्डेन : भाकीत करून ते तपासायला सांगणारा शास्त्रज्ञ



दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच पाठ आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. आपण प्राथमिकचे शिक्षक, त्यामुळे हा पाठ आपल्या वाट्याला येत नाही. पण त्यातला प्रश्न मात्र पाचवी-सहावीतच येतो. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं का? लेकरं हे घरीही विचारतात आणि बरेच पालक हसून विषय टाळतात.

हा प्रश्न फक्त लेकरांचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही जाहीरपणे असाच मुद्दा मांडला होता. वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडून काढलं. एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. आजच्या माकडापासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज फार मागे जाऊन एक होते, असं ते म्हणतं.

तरी मूळ शंका उरतेच. जे कोणी पाहिलं नाही ते खरं की खोटं हे ठरवायचं कसं? याचं उत्तर व्याख्येतून सांगितलं तर मुलांच्या डोक्यावरून जातं. एका माणसाच्या आयुष्यातून सांगितलं तर लवकर पोचतं. तो माणूस म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. जन्माने इंग्रज, शेवटी भारताचा नागरिक. ५ नोव्हेंबरला त्यांची जयंती आणि १ डिसेंबरला पुण्यतिथी असते. परिपाठात सांगायला दोन्ही दिवस चांगले.

बालपण : घर हीच प्रयोगशाळा

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड इथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनाचे मोठे अभ्यासक होते. कोळशाच्या खाणीत विषारी वायूने मजूर का मरतात हे शोधण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरायचे. धोका आधी कळावा म्हणून खाणीत कॅनरी पक्षी न्यायची पद्धत त्यांच्याच अभ्यासातून आली.

लहान मुलाला ते सोबत न्यायचे. एकदा खाणीच्या छताजवळ वायू साचला होता. वडिलांनी मुलाला उभं राहून एक पाठ केलेलं भाषण म्हणायला लावलं. थोड्या वेळात त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत हवा चांगली होती, म्हणून तो लगेच सावरला. हा वायू हवेपेक्षा हलका असतो हे त्याला असं कळलं. आज कोणी गुरुजी असं करणार नाही आणि करूही नये. पण मुलगा त्या वयात एक गोष्ट शिकला, की नुसतं सांगून भागत नाही, तपासावं लागतं.

पुढे बहीण नेओमीबरोबर त्यांनी घरीच गिनीपिग आणि उंदीर पाळून आनुवंशिकतेचा अभ्यास केला. आणखी एक गंमत अशी, की त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी कधीच नव्हती. ऑक्सफर्डमध्ये ते गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन शिकले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. जखमी होऊन ते काही काळ भारतात आले, इथेच बरे झाले आणि हा देश त्यांच्या मनात बसला.

पतंगाचा हिशोब

१९२४ पासून हॉल्डेन यांनी नैसर्गिक निवडीचं गणित मांडायला सुरुवात केली. डार्विनने निवड होते असं सांगितलं होतं. हॉल्डेन विचारत होते, किती वेगाने होते?

त्यांनी उदाहरण घेतलं इंग्लंडमधल्या एका पतंगाचं. हा पतंग मुळात पांढरट, अंगावर काळे ठिपके असलेला. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ त्याचा पूर्ण काळा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला. कारखान्यांच्या धुराने झाडांची खोडं काळी पडत गेली आणि ते शतक संपेपर्यंत तिथले जवळपास सगळे पतंग काळे झाले. हॉल्डेन यांनी हिशोब केला. एवढ्या थोड्या वर्षांत एवढा बदल व्हायचा असेल, तर काळ्यांची पुढची पिढी पांढऱ्यांच्या सुमारे दीडपट असली पाहिजे.

दीडपट ऐकायला किरकोळ वाटतं. मुलांना फळ्यावर करून दाखवा. हिशोब सोपा करून सांगते. हजार पांढऱ्यांमागे एक काळा आहे आणि दरवर्षी काळ्यांचं प्रमाण दीडपट होतं. दहा वर्षांत हजारामागे सुमारे ५७ होतात. वीस वर्षांत हजारामागे तीन हजारांच्या वर. म्हणजे पांढरेच कमी उरले!

त्या काळी अनेक शास्त्रज्ञांना निसर्गात निवड इतकी जोरात होते हे पटणारं नव्हतं. पण हॉल्डेन यांचं म्हणणं मोजता येण्यासारखं होतं. त्यात आकडा होता आणि आकडा चुकू शकतो.

पडताळा पुढे सुमारे तीस वर्षांनी सुरू झाला. १९५३ मध्ये बर्नार्ड केटलवेल यांनी खुणा केलेले पतंग बर्मिंगहॅमजवळच्या धुरकट जंगलात सोडले आणि पुन्हा पकडले. काळे पतंग पांढऱ्यांच्या दुपटीने परत सापडले. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ जंगलात नेमकं उलटं झालं. न सापडलेल्यांपैकी बरेच पक्ष्यांनी टिपले होते. पुढे केटलवेल यांच्या पद्धतीवर आक्षेप आले. पतंग नैसर्गिकपणे बसतात तिथे ते सोडले नव्हते, असं टीकाकार म्हणाले. आक्षेप रास्त होते. मग मायकेल मजेरस यांनी २००१ पासून सहा हंगाम केंब्रिजजवळ ४,८६४ पतंगांवर हाच प्रयोग जास्त काळजीने केला. पक्षी खरोखर निवडून खातात हेच पुन्हा दिसलं.

आता उलट बाजू बघा. धुरामुळे काळे वाढले असतील, तर धूर कमी झाल्यावर ते घटले पाहिजेत. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. हवा सुधारली आणि काळे पतंग खरंच घटत गेले. तसं झालं नसतं, तर सगळ्या कल्पनेलाच धक्का बसला असता.

काय सापडू नये?

इथे हॉल्डेन यांच्या नावावर सांगितली जाणारी एक गोष्ट येते. उत्क्रांती चूक आहे हे कशाने सिद्ध होईल, असं कोणीतरी त्यांना विचारलं. त्यावर त्यांनी कँब्रियनपूर्व काळातल्या खडकात सशाचा जीवाश्म दाखवा असं सांगितल्याचं म्हणतात. हे खडक ५४ कोटी वर्षांहून जुने. तेव्हा हाडांचा प्राणीच नव्हता, ससा कुठून येणार?

आपल्या विदर्भातलं उदाहरण घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा इथे डायनासोरची हाडं सापडली आहेत. त्याच थरात, त्याच हाडांशेजारी बैलाचा सांगाडा निघाला तर? आधी तो वरून पडला का, कोणी पुरला का, हे तपासावं लागेल. पण तो खरंच त्याच थरातला ठरला, तर जीवशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहावी लागतील. इतकी वर्षं जगभर खोदकाम चालू आहे आणि असा सांगाडा निघालेला नाही.

ही या लेखातली मुख्य गोष्ट. एखादा दावा वैज्ञानिक कधी होतो? काय दिसलं तर मी चूक ठरेन हे तो आधीच सांगतो तेव्हा. काहीही घडलं तरी जो दावा बरोबरच ठरतो, तो तपासता येत नाही. पाऊस पडला तर देवाची कृपा आणि नाही पडला तर देवाची परीक्षा, असं म्हणणारा माणूस श्रद्धाळू असू शकतो. श्रद्धेचा तो हक्क आहे. पण ते हवामानाचं भाकीत नव्हे. १५ जूनपर्यंत आपल्या तालुक्यात १०० मिलिमीटर पाऊस पडेल, हे भाकीत आहे. ते सपशेल चुकू शकतं.

मलेरिया आणि आपला सिकलसेल

१९४९ मध्ये हॉल्डेन यांनी असंच आणखी एक धाडसी भाकीत केलं. भूमध्य समुद्राच्या आसपास थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार फार होता. ज्या बाळाला आई आणि बाप दोघांकडूनही दोष असलेलं जनुक मिळतं, ते तेव्हा लहानपणीच दगावायचं. मग असं घातक जनुक शेकडो पिढ्यांत नाहीसं का झालं नाही?

हॉल्डेन यांनी सुचवलं, की ज्यांच्याकडे हे जनुक एकाच पालकाकडून आलं आहे, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांना मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावं. आता यात काय सापडू नये ते बघा. पिढ्यान् पिढ्या मलेरिया नसलेल्या उंच डोंगरी भागात हे जनुक सखल भागाइतकंच आढळलं, तर कल्पना बाद. वाहक मुलांना मलेरिया इतरांइतकाच जोरात झाला, तरी कल्पना बाद.

इटलीच्या सार्डिनिया बेटावर तपासणी झाली. मलेरिया असलेल्या सखल गावांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आणि डोंगरावरच्या गावांत कमी निघालं. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत हेच दाखवलं. वाहक मुलांच्या रक्तात मलेरियाचे जंतू कमी सापडले.

सिकलसेल हा शब्द आपल्याला नवा नाही. मेळघाट, सातपुड्याच्या पायथ्याची गावं, पूर्व विदर्भ, सगळीकडे तपासणीची शिबिरं होतात. आश्रमशाळांत मुलांच्या बोटातून रक्त घेतलं जातं. आधी सोल्युबिलिटी चाचणी, गरज पडली तर इलेक्ट्रोफोरेसिस. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे.

पालकांनो, इथे उत्क्रांती पुस्तकात राहत नाही, आपल्या घरात येते. मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक बाळाला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी जनुकं मिळण्याची चारात एक असते. म्हणून सोयरीक जमवताना पत्रिकेबरोबर, खरं तर पत्रिकेच्या आधी, रक्ताचा रिपोर्ट बघावा. आणि हा आजार कोणत्या जातीचा, जमातीचा दोष नाही. ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या मलेरियाशी झुंजले, त्यांच्या रक्तात राहिलेली ती खूण आहे. एवढं समजलं तरी वर्गात कोणी कोणाला चिडवणार नाही. मात्र वाहकाला मलेरिया होतच नाही, असा अर्थ काढू नका. मच्छरदाणी सगळ्यांनाच लागते.

जिथे तेच कमी पडले

हॉल्डेन यांचं मोठेपण सांगताना ही बाजू झाकायला नको. ते स्वतःवर जीवघेणे प्रयोग करायचे. १९३९ मध्ये थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ माणसं मेली. त्यानंतर दाबाच्या बंद टाकीत बसून त्यांनी स्वतःच्या शरीरावर चाचण्या केल्या. त्यात त्यांच्या मणक्याला कायमची इजा झाली. शरीर पणाला लावायला ते घाबरले नाहीत.

पण ते कट्टर कम्युनिस्ट होते आणि तिथे त्यांची कसोटी लागली. सोव्हिएत रशियात लायसेंको नावाचा कृषितज्ज्ञ सत्तेच्या जवळ होता. पिकावर बाहेरून केलेले संस्कार पुढच्या पिढीत उतरतात, असा त्याचा दावा. त्याच्या प्रयोगांत नीट तुलना नव्हती आणि प्रश्न विचारणाऱ्यांना तुरुंग होता. हॉल्डेन ज्यांना ओळखत होते, ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगातच मेले. १९४८ मध्ये तिथे आनुवंशिकीच्या अभ्यासावर बंदी आली. जगभरचे शास्त्रज्ञ बोलत असताना हॉल्डेन बराच काळ अडखळत राहिले, लायसेंकोच्या बाजूने काही चांगलं सांगता येतं का ते शोधत राहिले. पतंगाला जो नियम त्यांनी लावला, तो आपल्या पक्षाला लावायला त्यांना उशीर झाला. नंतर ते पक्षापासून दूर झाले.

आपल्यासाठी यात मोठा धडा आहे. दुसऱ्याचा दावा तपासणं सोपं असतं. आपल्या माणसांचा, आपल्या पक्षाचा, आपल्या आवडीचा दावा तपासणं अवघड.

विज्ञानात मात्र ते आपलं चुकलेलं मान्य करायला तयार असत. १९५७ मध्ये त्यांनी हिशोब मांडला, की निवडीने एक जनुक बदलून दुसरं रुजायला सरासरी ३०० पिढ्या लागत असाव्यात. याच मांडणीत मोठी दुरुस्ती करावी लागेल, असंही त्यांनी तिथेच नोंदवलं. पुढे प्रथिनांचा अभ्यास झाला तेव्हा बदलाचा वेग त्यापेक्षा बराच जास्त दिसला. आकडे जुळेनात. हे कोडं सोडवताना १९६८ मध्ये जपानच्या मोटू किमुरा यांनी नवा विचार मांडला, की रेणूंमधले बरेच बदल निवडीमुळे नाही, तर योगायोगाने टिकतात. स्पष्ट आकडा दिलेला होता, म्हणूनच त्याचं न जुळणं दिसलं आणि पुढची वाट सापडली.

भारतात

१९५७ मध्ये हॉल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कायमचे भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. कुर्ता-धोतर घालू लागले, शाकाहारी झाले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले. पुढे भुवनेश्वरला त्यांनी आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभी केली.

इथल्या तरुणांना ते सांगत, की महागडी यंत्रं नाहीत म्हणून रडू नका, मोजायला शिका. त्यांचे सहकारी एस. के. रॉय यांनी प्राजक्ताच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाची झाडं डावीकडे वळतात की उजवीकडे, आणि त्याचा उत्पन्नाशी काही संबंध आहे का, हे मोजून पाहिलं. वही, पेन आणि धीर, एवढंच साहित्य.

शेवटी त्यांना कर्करोग झाला. त्यावरही त्यांनी विनोदी कविता लिहिली, लोकांनी लवकर तपासणी करून घ्यावी म्हणून. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. देह त्यांनी काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला दान केला. मेल्यावरही ते विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले.

आपल्या वावरातलं भाकीत

हॉल्डेन यांचं गणित आपल्या कपाशीपर्यंत येतं. गुलाबी बोंडअळी मोठी झाली की तिचाही पतंगच होतो. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तेव्हाच शास्त्रज्ञांनी भाकीत केलं होतं. सगळीकडे फक्त बीटीच पेरली, तर बीटी पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्याच वाचतील आणि त्यांचीच पिलावळ वाढेल. म्हणून वावराच्या कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल तेवढं लावा, असा नियम झाला. साध्या कपाशीवर वाचलेल्या पतंगांशी त्यांची जोडी जमली, की प्रतिकार हळू पसरतो. बियाण्यासोबत तेव्हा मिळणारी ती छोटी पुडी याचसाठी असायची. आपल्याकडे बहुतेकांनी ती पेरली नाही. उत्पन्न बुडण्याची भीती होती आणि कारणही कोणी नीट सांगितलं नव्हतं. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे.

भाकीत दोन्ही बाजूंनी तपासलं गेलं. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात साध्या कपाशीचा नियम पाळला गेला आणि तिथे प्रतिकार लांबला. नंतर नापीक केलेले पतंगही सोडले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेने कपाशीवरची ही अळी आपल्याकडून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. अळी तीच, बीटीही तीच. पुडी पेरणारे वाचले. उत्क्रांती होताना कोणी पाहिली का, या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्या गावातला कोणताही कास्तकार देऊ शकेल.

वर्गात काय करता येईल?

१. प्राजक्ताची १०० फुलं वेचा. प्रत्येक मुलाने आधी अंदाज लिहायचा : जास्तीत जास्त फुलांना किती पाकळ्या असतील? मग मोजायचं. ज्यांचा अंदाज चुकला त्यांनाही शाबासकी द्या, कारण त्यांनी आधी लिहून ठेवला होता.

२. हिरव्या आणि लाल कागदाचे सारखेच तुकडे गवतात टाका. एक मिनिटात मुलांना पक्षी होऊन वेचू द्या. कोणता रंग जास्त उरेल, हे आधी सांगायला लावा. नंतर तेच मातीच्या अंगणात करा.

३. फळ्यावर पाच विधानं लिहा. मांजर आडवं गेलं की काम बिघडतं. उन्हात ठेवलेलं पाणी सावलीतल्यापेक्षा लवकर आटतं. अशी रोजची विधानं घ्या. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : काय दिसलं तर हे चूक ठरेल? ज्याचं उत्तर देता येतं, ते तपासून बघा. मांजराचंही तपासता येतं, महिनाभर वहीत नोंद ठेवली की झालं.

पालकांनो, हे तिसरं घरीही करता येतं. व्हॉट्सॲपवर औषधाचा एखादा रामबाण उपाय आला, की लेकराला जवळ बसवून हाच प्रश्न विचारा. उत्तर लगेच मिळालं नाही तरी चालेल. प्रश्नाची सवय लागली पाहिजे.

— एक प्राथमिक शिक्षिका, हिवरखेड, जि. अकोला